अँटवर्पचे सहा दिवस

व्यापारी कुटुंबांचा परदेशप्रवास बहुधा काही कारणाने घडतो. मालाची खरेदी, एखादे प्रदर्शन, मुलीचे बाळंतपण, नाहीतर यात्रा-कंपनीबरोबर बारा दिवसांत सात-आठ देश. केवळ एका मित्राच्या घरी राहावे आणि त्याच्या सोबतीने दोन-चार शहरे पाहावीत, एवढ्यासाठी पेढी मुनीमजींवर सोपवून निघणारे थोडेच. सांगलीच्या हळद पेठेतील एक अडत व्यापारी आणि त्यांच्या पत्नी गेल्या जूनमध्ये तसे निघाले. पुण्याच्या वसतिगृहात वाणिज्य शाखेचे शिक्षण घेताना जोडलेला त्यांचा मित्र चाळीस वर्षांपूर्वी हिऱ्यांच्या व्यवसायासाठी बेल्जियममधील अँटवर्पला गेला आणि तेथेच स्थिरावला. दर दिवाळीला त्याचा निरोप येई, ‘एकदा या.’ दर वर्षी हंगामाची सबब पुढे होई. या वेळी मात्र निरोप होता, ‘या वर्षी याच.’

बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा लागतो. 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याची मुभा त्यात असते आणि अर्जासोबत किमान 30,000 युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा जोडावा लागतो. मित्राकडे उतरणाऱ्यांसाठी तेथे आणखी एक पद्धत आहे. यजमान पाहुण्याच्या खर्चाची हमी लेखी देतो, आपल्या उत्पन्नाचे पुरावे सादर करतो आणि नगरपालिकेत जाऊन सही प्रमाणित करून घेतो. पाहुण्यासाठी सरकारला खर्च करावा लागलाच, तर तो यजमानाकडून वसूल होऊ शकतो. दुसऱ्यासाठी जामीन राहणे म्हणजे काय, हे पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तो कागद सांगलीत पोहोचला, तेव्हा त्या अडत व्यापाऱ्यांनी तो दोनदा वाचला.

हिऱ्यांची पेठ

अँटवर्पचे मध्यवर्ती रेल्वेस्थानक 1905 साली खुले झाले. त्याचा दगडी घुमट 75 मीटर उंच आहे आणि आत रुळांचे मजले एकाखाली एक उतरत जातात. या स्थानकाला लागूनच हिऱ्यांची पेठ आहे. जगप्रसिद्ध पेठ म्हणून काही झगमगाट असेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते. साध्या कार्यालयांच्या इमारती, वाहनांना बंद असलेल्या दोन-तीन गल्ल्या आणि जागोजाग पहारा, एवढेच बाहेरून दिसते. हिऱ्यांचे चार बाजार या परिसरात आहेत.

येथील व्यापारात ज्यू समाजाची परंपरा जुनी. भारतीय व्यापारी 1960 नंतर येऊ लागले. त्यांत पालनपूरच्या जैन कुटुंबांचा वाटा मोठा होता. इतरांना फारसे न परवडणारे बारीक खडे त्यांनी उचलले, सुरतेच्या कारागिरांकडून पैलू पाडून घेतले आणि हळूहळू पेठेत आपले स्थान निर्माण केले. सौदा ठरला की दोघे हात मिळवतात आणि ‘मझल उ-ब्राखा’ म्हणतात. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘सुदैव आणि आशीर्वाद’ असा आहे. हे शब्द उच्चारल्यानंतर मागे फिरायचे नाही, हा पेठेचा नियम ज्यू, जैन, अर्मेनियन सर्वांना सारखाच लागू. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे सौदे पाहिलेल्या पाहुण्यांना ही रीत परकी वाटली नाही.

शहराच्या विल्रेक या उपनगरात येथील जैन समाजाने संगमरवरी मंदिर उभारले आहे. त्याचे कोरीव भाग भारतात घडवून तेथे नेण्यात आले. सकाळी दर्शन, दुपारी पेठ आणि संध्याकाळी स्केल्ट नदीचा काठ असा पहिला दिवस गेला. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची चिंता नव्हती. हिवाळ्यात मात्र पाचच्या आधीच अंधार पडतो, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बाहेर खाताना चौकशी केलेली बरी. तेथील सुप्रसिद्ध बटाट्याच्या तळलेल्या फोडी परंपरेने जनावराच्या चरबीत तळतात, वॉफलमध्ये अंडे असते, चॉकलेटच्या काही प्रकारांत मद्य असते आणि अनेक प्रकारच्या चीजसाठी प्राणिज विरजण वापरतात.

ब्रुजच्या चौकात

दुसरा दिवस ब्रसेल्ससाठी होता. तेथील ग्रँड प्लेस हा चौक 1695 साली फ्रेंच तोफांच्या माऱ्यात जवळजवळ बेचिराख झाला. भट्टीवाले, मद्य गाळणारे, नावाडी अशा निरनिराळ्या व्यावसायिक संघांनी काही वर्षांतच आपापल्या वास्तू पुन्हा उभ्या केल्या. सोनेरी नक्षीच्या त्या इमारती आज राजवाड्यांसारख्या दिसतात, परंतु त्या बांधल्या धंदेवाइकांनी.

तिसऱ्या दिवशी रेल्वेने सुमारे दीड तासाचा प्रवास करून मंडळी ब्रुजला गेली. मध्ययुगात ब्रुज ही उत्तर युरोपची मोठी बाजारपेठ होती. इंग्लंडची लोकर येथे येई, फ्लँडर्सचे कापड येथून जाई आणि जिनोआ, व्हेनिस, फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांच्या कोठ्या येथे होत्या. व्हान डर बर्स नावाच्या कुटुंबाच्या पांथशाळेपाशी व्यापारी जमत. युरोपातील अनेक भाषांत रोखे बाजाराला असलेले ‘बोर्स’ हे नाव त्या कुटुंबावरून पडले, असे मानले जाते. पुढे समुद्राला जोडणारी झ्विनची खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पकडे सरकला. ब्रुज मागे पडले. नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुने तसेच राहिले. तेच जुनेपण पाहायला आज जगभरातून लोक येतात. 2000 साली या नगराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

चौकातील घंटाघर 83 मीटर उंच असून त्याला 366 पायऱ्या आहेत. दोघी वहिनी पायऱ्या चढून वर गेल्या. दोघे मित्र खाली बाकावर बसून राहिले. तेथे यजमानाने ‘या वर्षी याच’ या निरोपाचे कारण सांगितले. डिसेंबरअखेर तो पेढी बंद करणार होता.

कारणे अनेक होती. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव खाली आणले होते. 2024 पासून रशियन हिऱ्यांवर निर्बंध आल्यावर प्रत्येक खड्याचे मूळ सिद्ध करण्याची कागदपत्रे वाढली होती. बराचसा व्यापार दुबईकडे वळला होता. मुंबईत भारत डायमंड बोर्स होतेच, 2023 च्या डिसेंबरात सुरतेतही भव्य हिरे-बाजाराचे उद्घाटन झाले. मुलाने वैद्यकीचा व्यवसाय पत्करला होता आणि त्याला या धंद्यात रस नव्हता. “वडिलांनी कर्ज काढून मला पाठवले होते,” यजमान म्हणाला. “समाजात काय सांगू? पेढी बुडाली म्हणून सांगू?”

पाहुण्यांना उत्तर सुचले नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरी करत होता आणि तीन पिढ्यांची अडत पुढे कोण चालवणार, हा प्रश्न सांगलीच्या घरातही कोणी मोठ्याने विचारत नव्हते.

कंपासाचे दोन पाय

गुरुवारी घेंटला यजमानाच्या मुलाकडे जेवण होते. या नगराने 2009 पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून पुरस्कारला आहे आणि शाळांतूनही त्या दिवशी शाकाहारी जेवण देण्याचा प्रघात पडला. डॉक्टर झालेल्या मुलाने आईच्या पद्धतीची डाळ स्वतः केली होती. कांदा, लसूण, कंदमूळ काही नव्हते. वडिलांनी दोनदा वाढून घेतली. धंद्याचा विषय निघाला नाही.

शुक्रवारी अँटवर्पमधील प्लांटिन-मोरेटस संग्रहालय पाहायचे ठरले. क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला कारागीर. 1555 साली त्याने येथे छपाई सुरू केली. घर आणि छापखाना एकाच वाड्यात. त्याच्या पश्चात मुलगा नव्हता, म्हणून जावई मोरेटसने व्यवसाय सांभाळला आणि त्याच्या वंशजांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला. या काळात शहरावर मोठी संकटे आली. 1585 साली अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले, स्केल्टचा जलमार्ग बंद झाला आणि कितीतरी व्यापारी अ‍ॅमस्टरडॅमला निघून गेले. ब्रुजकडून आलेले वैभव अँटवर्पलाही राखता आले नाही. छापखाना मात्र टिकला. 1876 साली कुटुंबाने वाडा, यंत्रे, खिळे आणि ग्रंथांसह तो शहराला विकला. 1600 च्या सुमाराची दोन छपाईयंत्रे आजही तेथे उभी आहेत आणि जमाखर्चाच्या वह्याही जपून ठेवलेल्या आहेत.

अन्य प्रवासी यंत्रांपाशी थांबतात. हे दोघे वह्यांपाशी थांबले. भाषा कळत नव्हती, तरी जमेची बाजू, नावेची बाजू आणि पान संपताना केलेली बेरीज ओळखता येत होती. प्लांटिनचे बोधचिन्ह कंपास होते. एक पाय स्थिर, दुसरा फिरता. सोबत ‘श्रम आणि स्थैर्य’ या अर्थाचे लॅटिन शब्द.

बुधवारपासून राहिलेले उत्तर पाहुण्यांनी तेथे दिले. “ज्याचे देणे बाकी असते, त्याची पेढी बुडते. तू कोणाचे देणे लागतोस?”

“कोणाचेच नाही.”

“मग समाजात तेच सांग. शेवटची बेरीज जुळवून वही मिटली, असे सांग.”

आपल्याकडे बंद झालेल्या दुकानाबद्दल बोलताना आवाज नकळत खाली येतो. बुडालेली पेढी आणि हिशेब चुकते करून मिटवलेली पेढी यांतला भेद पेठेला कळतो, पण घरात आणि समाजात तो क्वचित बोलला जातो. ब्रुजहून अँटवर्पला, अँटवर्पहून अ‍ॅमस्टरडॅमला व्यापार हलत राहिला, आता तो सुरत-दुबईकडे हलतो आहे. खाडीचा गाळ कोणा एका व्यापाऱ्याच्या चुकीने साचत नाही. दिलेला शब्द पाळला गेला की नाही, एवढेच त्याच्या हाती असते.

शनिवारी विमानतळावर निरोप घेताना यजमानाने जानेवारीत सांगलीला येण्याचे कबूल केले. त्या आधी त्याला कामगारांची देणी, कार्यालयाचा भाडेकरार आणि चाळीस वर्षांच्या वह्या हातावेगळ्या करायच्या आहेत. इकडे सांगलीच्या पेढीवरही जुन्या वह्या काढून येणी-देणी तपासण्याचे काम सुरू झाले आहे. गणेशोत्सवात मुलगा पुण्याहून आला, तेव्हा पेढीवर कधी बसणार, असे वडिलांनी त्याला विचारले नाही. त्याला काय करावेसे वाटते, एवढेच विचारले आणि तो सांगत असताना मध्ये बोलले नाहीत.