निर्णयाआधीची हरकत

कुरुंदवाडात संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज लिहून देताना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो : अनुदान ही दया नव्हे, हक्क आहे. अर्जाचा निर्णय तालुक्याला शिरोळला होतो. पण त्याआधी डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी ठरवतात. आकडा 40 च्या खाली गेला की अपंग म्हणून दार बंद. म्हणून तपासणीवेळीच उपचाराचे जुने कागद पुढे ठेवावेत. काही नोंदायचे राहिले, तर निकालाची वाट न पाहता लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी. तोंडी तक्रार दप्तरात उरत नाही. प्रमाणपत्र चुकीचे निघालेच, तर 2016 च्या कायद्याचे कलम 59 अपिलाचा हक्क देते. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच मोजले; आता मोजणाऱ्याला कारण विचारले पाहिजे.