‘भाऊबहीण’ म्हणून घेतलेले घर

परगावी शिकणारे, नोकरी करणारे तरुणतरुणी आता एकच फ्लॅट भाड्याने घेऊन राहू लागले आहेत. त्यात धोका आहे का? असेल तर तो नेमका कुठे?

२००० साली छत्तीसगढ वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी बनले आणि शहराचा तोंडवळा बदलत गेला. २००५ साली जुन्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे एनआयटी झाले, २०१० साली आयआयएम आले, २०१२ साली टाटीबंधला एम्स सुरू झाले. गोंदिया-नागपूरकडच्या पालकांना रायपूर तसे परके वाटत नाही. सकाळची गाडी पकडली की दुपारपर्यंत माणूस पोहोचतो. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, शोधले तर दूरचे का होईना, कुणी नात्यातले निघते. त्यामुळे मुलीला तिकडे पाठवताना आईचा जीव फार खालीवर होत नाही.

पण वसतिगृहात सर्वांनाच जागा मिळते असे नाही आणि नोकरी लागल्यावर तर वसतिगृह सुटतेच. एकटीच्या पगारात फ्लॅट परवडत नाही. मग ऑफिसातले तिघे मिळून घर घेतात. दोन मुलगे, एक मुलगी. घरमालक विचारतो, “फॅमिली आहे ना?” उत्तर ठरलेले असते. दोघे सख्खे भाऊबहीण, तिसरा मावसभाऊ. इकडे घरी फोनवर सांगितले जाते, “मैत्रिणीबरोबर राहते गं आई.” घर एक, पण त्यासाठी दोन ठिकाणी खोटे बोलावे लागते.

अशा घराचे नाव निघताच पालकांना पहिली भीती वाटते ती त्या मुलांची. ही भीती अगदीच निराधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे दिसते. पण त्या ओळखीच्यांत नातेवाईक असतात, शेजारी असतात, मालक असतात, मित्रही असतात. तेव्हा “चांगल्या घरचा आहे, आमच्या ओळखीचा आहे” एवढ्यावर निर्धास्त राहणे जसे चुकीचे, तसेच प्रत्येक सहनिवासी तरुणाला लांडगा समजणेही चुकीचे.

खरा धोका त्या दोन खोट्यांत असतो. समजा, एका रात्री त्यातला एकजण पिऊन आला आणि तिच्या खोलीचे दार वाजवू लागला. ती कुणाला हाक मारणार? घरमालकाच्या लेखी तो तिचा भाऊ आहे. आईच्या लेखी तो त्या घरातच नाही. आणि हे त्याला पक्के ठाऊक असते. “सांगू का तुझ्या घरी?” एवढे एक वाक्य तिचे तोंड बंद करायला पुरते. ज्या घरात राहणे चारचौघांत सांगता येत नाही, तिथे घडलेला अन्यायही सांगता येत नाही.

घरच्यांशी धागा तुटला की काय होऊ शकते, हे वसईच्या श्रद्धा वालकरच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिले. तिथे केवळ सहनिवास नव्हता, प्रेमसंबंध होते आणि ते लपलेलेही नव्हते. घरच्यांचा विरोध होता, संबंध जवळजवळ तुटले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती. जोडीदार मारहाण करतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तीत लिहिले होते. महिनाभरात ‘आता तक्रार नाही’ असे तिने कळवले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली. पण तिचा फोन बंद असल्याचे एका मित्राने घरी कळवेपर्यंत सप्टेंबर उजाडला. चार महिने! मुलीचा निर्णय पटला नाही म्हणून बोलणे टाकणाऱ्या आईवडिलांनी हा हिशेब जरूर करावा.

कायद्याची भीती कुणाला?

पोलिसांच्या भीतीने भाऊबहीण होण्याचे काहीच कारण नाही. सज्ञान स्त्रीपुरुषांनी लग्नाविना एका घरात राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने लता सिंह (२००६) आणि खुशबू (२०१०) या खटल्यांत स्पष्ट केले आहे. घरमालक नकार देऊ शकतो, देतोही. मग दुसरे घर शोधावे. छत्तीसगढच्या २०११ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी असावा लागतो. त्यावर राहणाऱ्या सगळ्यांची नावे हवीत. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायची तर आधार कार्डेही जोडावी लागतात. तीन कार्डांवर तीन निराळ्या वडिलांची नावे असताना सख्खे भाऊबहीण म्हणवून घेण्यात शहाणपण ते काय?

एक गोष्ट मात्र मुलींनी नीट समजून घ्यावी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पत्नीला आणि विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला संरक्षण देतो. नुसते भाडे वाटून घेणारे सहनिवासी त्यात बसत नाहीत. म्हणून ती उघड्यावर पडते असे नाही. विनयभंग, पाठलाग, न्हाणीघरात लपवलेला मोबाइल हे सारे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हेच आहेत. चोरून चित्रण केल्यास पहिल्याच शिक्षेत एक ते तीन वर्षे कैद होते. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, घर कोणत्या हद्दीत आहे याची वाट पाहावी लागत नाही.

रायपूरकरांना आणखी एक आधार आहे. देशातले पहिले ‘सखी’ केंद्र १६ जुलै २०१५ रोजी इथेच सुरू झाले. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा हे सारे तिथे एका ठिकाणी मिळते. ते विवाहित-अविवाहित असा भेद न करता प्रत्येक स्त्रीसाठी आहे. १८१ हा महिलांसाठीचा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक मोबाइलमध्ये असावाच.

मुलांच्याही अडचणी असतात. कॉलनीतल्या कुजबुजीचा त्रास त्यांनाही होतो, आणि उद्या भाड्यावरून भांडण झाले तर भलताच आरोप होईल अशी धास्तीही असते. भाड्याचे, विजेचे, पाहुण्यांचे नियम आधीच लिहून ठेवले तर त्यांचीही निम्मी काळजी मिटते.

तिसरा बदलतो तेव्हा

सुरुवातीचे तिघे एकमेकांना पारखून एकत्र आलेले असतात. घोळ होतो तो एकाची बदली झाल्यावर. भाड्याचा भार नको म्हणून घाईघाईने मित्राचा मित्र आणला जातो, कधी आठ दिवसांचा पाहुणाच मुक्काम ठोकतो. नवा माणूस सगळ्यांच्या होकाराशिवाय येणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवावे. तो आधी कुठे राहत होता, तिथल्या मुलीशी स्वतः बोलावे. त्याचे नाव करारात चढल्यावरच चावी द्यावी.

स्वतःच्या खोलीला आतून भक्कम कडी आणि बाहेरून स्वतःचे कुलूप हवे. घरमालक खळखळ करत असेल तर दीडदोनशे रुपयांची कडी स्वतःच बसवून घ्यावी. आईवडिलांनी एकदा येऊन घर पाहावे, मुलांबरोबर चहा घ्यावा, शेजारच्या काकूंचा नंबर घ्यावा.

आणि पैसे. घर खटकू लागले तरी कित्येकजणी केवळ अनामत रक्कम अडकलीय म्हणून दिवस ढकलतात. एका महिन्याचे भाडे आणि रात्रीतून निघावे लागले तर ऑटो व चारदोन दिवसांच्या मुक्कामाचा खर्च एवढी रक्कम तिच्या स्वतंत्र खात्यात कायम असावी. ती भरायला वडिलांनी पहिल्या महिन्यात हातभार लावला तरी चालेल.