मुळं पानांना नेमकं काय धाडतात?

जमीन वाळू लागली की पीक माना टाकण्याच्या आधीच पानांवरची रंध्रं मिटू लागतात. याचं पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे. कोरड्या मातीतली मुळं ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक बनवतात, ते झायलेमच्या जलवाहिन्यांमधून पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांना रंध्रं मिटायला लावतं. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. मुळांकडून वर काहीतरी जातं, यात शंका नाही. पण जे जातं ते तयार संप्रेरकच असतं, ही समजूत आता टिकत नाही. मुळं बहुतेकदा खबर धाडतात किंवा कच्चा माल. शेवटची कृती पानात किंवा शेंड्यात होते.

जुनी समजूत उगाच रुजली नव्हती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सफरचंदाच्या रोपांची मुळं दोन भागांत वाटून एका भागाचं पाणी तोडलं गेलं. उरलेल्या मुळांना पाणी मिळत असूनही पानांची वाढ मंदावली. मग कोरडी मुळं छाटून टाकल्यावर वाढ पुन्हा सुरू झाली. कारण निव्वळ पाण्याच्या टंचाईचं असतं, तर मुळं छाटून उपयोग झाला नसता. म्हणजे कोरडी मुळंच वर काहीतरी पोचवत होती. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या विल्यम डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, माती वाळताना मक्याच्या झायलेम रसात ॲबसिसिक आम्ल वाढतं हे दाखवलं होतं. दोन्ही गोष्टी जोडून निष्कर्ष काढला गेला. मात्र रसात एखादं द्रव्य वाढलं म्हणून तोच संदेश ठरत नाही.

फैसला करायला कलमाचा प्रयोग लागला. ‘सिटिएन्स’ हा टोमॅटोचा उत्परिवर्तित वाण ॲबसिसिक आम्ल जेमतेम बनवतो. २००२ साली मिशेल होलब्रुक आणि सहकाऱ्यांनी या वाणाच्या खुंटावर साध्या टोमॅटोची फांदी बांधली आणि माती वाळू दिली. मुळांत संप्रेरकाचा दुष्काळ, तरीही वरची रंध्रं मिटली. सदोष मुळांतही ते थोडंफार बनतच असेल, असा आक्षेप घेता येतो. पण मुळांची निर्मिती इतकी घटूनही रंध्रांचा प्रतिसाद कायम राहतो, तर सारी मदार मुळांच्या संप्रेरकावर होती असं कसं म्हणायचं? मग संदेश कोणता, याचं एक उत्तर २०१८ साली जपानमधून आलं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाची मुळं पाणी कमी पडलं की सीएलई२५ हे अवघ्या बारा अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवतात. ते पानांपर्यंत पोचतं आणि तिथलं एनसीईडी३ हे जनुक जागं करतं. ॲबसिसिक आम्ल बनवण्यातला कळीचा टप्पा या जनुकाच्या हाती असतो, म्हणजे ते आम्ल पानातच तयार होतं. उलट, २०१६ सालच्या कलमांच्या प्रयोगांत मुळांमधलं बरंचसं ॲबसिसिक आम्ल पानांकडून खाली आलेलं आढळलं! वाहतुकीची जी दिशा आपण पाठ केली, तिच्या नेमकी उलट.

कच्च्या मालाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण पाणी साचलेल्या रानातलं आहे. वाफसा गेला की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. इथिलीन हे संप्रेरक बनवण्याच्या शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतोच, त्यामुळे मुळांत त्याच्या आधीचं एसीसी हे द्रव्य साठतं आणि रसाबरोबर वर जातं. पानात हवेची ददात नसल्याने तिथे त्याचं इथिलीन होतं आणि देठ खाली वाकतात. ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी १९८० साली टोमॅटोवर हे सिद्ध केलं.

माझ्या मते या मांडणीवरचा खरा भक्कम आक्षेप सायटोकायनिन या संप्रेरकाचा आहे. जमिनीत नायट्रेट मिळालं की मुळं ते जास्त बनवतात आणि वर धाडतात. त्याला जलवाहिन्यांत चढवणारं एबीसीजी१४ हे प्रथिन २०१४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. ते नसेल तर रोप खुरटतं, आणि अशा रोपाची फांदी निरोगी खुंटावर बांधली तर सुधारते. इथे तरी मुळं संप्रेरकच धाडतात ना? हो, काही अंशी. ट्रान्स-झिॲटिन हे क्रियाशील सायटोकायनिन वर जातं आणि पानांचा आकार त्यावर ठरतो, हे मान्य करायलाच हवं. पण वर जाणारा मोठा वाटा त्याच्या रायबोसाइड रूपाचा असतो. ते क्रियाशील नसतं; वरच्या पेशींतल्या विकरांनी त्याचं रूपांतर करावं लागतं. २०१७ सालच्या अभ्यासात शेंड्याच्या वाढबिंदूचं काम याच रायबोसाइडवर अवलंबून असल्याचं दिसलं. तेव्हा अपवाद आहे, पण तोही अर्धाच.

पाण्याचा ताण शिकवताना ‘मुळं ॲबसिसिक आम्ल बनवून पानांना पाठवतात’ हे एका ओळीचं उत्तर आता फळ्यावरून पुसावं. ते ठेवायचंच असेल, तर शेजारी टोमॅटोच्या त्या कलमाची आकृतीही काढावी.