सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल दीड तासासाठी बंद होतात, पोरं दप्तर उघडून बसतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर एकमेकांशी बोलतात. करोनात शाळा मोबाइलवर आली होती. वर्ग पुन्हा भरू लागले, तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली आणि २०२२च्या स्वातंत्र्यदिनी ती सुरू झाली. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक त्यासाठी घरोघर फिरले. या भोंग्याचं कौतुक झालं ते मुलांच्या अभ्यासासाठी. मला त्यात सुखाविषयीची एक गोष्ट दिसते: मनाची स्वस्थता एकट्याच्या निग्रहानं मिळवणं अवघड असतं, चारचौघांनी मिळून ठरवलं की तीच आवाक्यात येते.

मन हातातल्या कामात नसलं की माणूस कमी सुखी असतो, हे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. दिवसातून कधीही लोकांना फोनवर विचारायचं, आत्ता काय करताय, मन कुठं आहे, कसं वाटतंय? २,२५० जणांच्या उत्तरांत जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. माणूस काय करतोय यापेक्षा मन तिथं आहे की नाही, याचा सुखाशी जास्त संबंध दिसला. मग मोबाइल ठेवून दिला की झालं? अमेरिकेत २०१८मध्ये हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं. घरच्यांबरोबरचा वेळ वाढला, पण समाधान वाढलं ते थोडंसंच. हा आक्षेप खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. पण ती माणसं फेसबुक बंद करून बसली होती तेव्हा त्यांच्या ओळखीपाळखीचे बहुतेक लोक फेसबुकवरच होते. लिओनार्दो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये नेमकं हेच तपासलं. टिकटॉक चार आठवडे एकट्यानं सोडायचं तर विद्यार्थी सरासरी ५९ डॉलर मागत होते. सगळ्यांचंच बंद होणार असेल, तर उलट स्वतः २८ डॉलर मोजायला तयार होते. म्हणजे आवडीपेक्षा आपण मागे पडू ही धास्तीच त्यांना बांधून ठेवत होती. वडगावचा भोंगा तीच धास्ती काढून घेतो, कारण त्या दीड तासात चुकवण्यासारखं शेजारीही काही चाललेलं नसतं.

मिळून केलेल्या कामाचं हे बळ सातारकरांना वेगळं सांगायला नको. कोरेगाव तालुक्यातलं वेळू हे गाव २०१६च्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं, ते श्रमदानावर. एकट्यानं आपल्या बांधावर चर खणून शिवाराचं पाणी अडत नाही; माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे राबले तरच विहिरीला पाझर फुटतो. एकमेकांच्या सोबतीनं दिलेल्या वेळाचंही तसंच आहे.

भोंगा वाजवून सुख आणता येतं का, ही सक्तीच नव्हे का, असं कोणी म्हणेल. त्याहून जड आक्षेप बाईचा आहे. दिवसभर रानात राबून आलेलीला सातची मालिका हाच विसावा असतो आणि चूल तर भोंग्यानं थांबत नाही. तिचा विसावा काढून बाकीच्यांनी समाधान मिळवायचं असेल, तर मला ते मान्य नाही. म्हणूनच वडगावात १४ ऑगस्टला महिलांची सभा घेऊन भोंगा आणायचं ठरलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांचं सर्वांत जास्त जाणार होतं, त्यांनीच होकार दिला. शिवाय तिथं भोंगा दोनदा वाजतो. दुसरा साडेआठला, ज्याला जे हवं ते पुन्हा लावायला मोकळीक देणारा.