रंगारी बोलावण्यापूर्वी

दसरा तोंडावर आला की घराच्या भिंती अचानक मळकट दिसू लागतात. २०११ साली आमच्याकडेही तसेच झाले. शेजारच्या काकूंनी एक रंगारी सुचवला. तो आला, खोल्यांवरून नजर फिरवली आणि चौरस फुटाचा भाव सांगून मोकळा झाला. घर पाचशे चौरस फुटांचे, तेव्हा त्या भावाला पाचशेने गुणले की झाले, असा हिशेब मी मनातल्या मनात केला. पहिली चूक तिथेच झाली.

मंडळी, रंगाऱ्याचा चौरस फूट जमिनीचा नसतो, भिंतीचा असतो. दहा बाय बाराची खोली घ्या. जमीन १२० चौरस फूट. पण चारी भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, उंची १० फूट, म्हणजे भिंती झाल्या ४४० चौरस फूट. वर छत १२०. एकूण ५६०. एक दार, एक खिडकी वजा केली तरी सव्वापाचशेच्या घरात, जमिनीच्या चौपटीहून अधिक! म्हणून आधी दोघांनी मिळून टेप लावावी. छत धरले का, दार-खिडक्या वजा होणार का, भाव रंगासकट की नुसत्या मजुरीचा, हे कागदावर लिहून घ्यावे. रंगासकट असेल तर नुसते कंपनीचे नाव पुरत नाही. एकाच कंपनीचे स्वस्त-महाग असे अनेक रंग असतात. डब्यावरचे नाव लिहा आणि सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा.

आपण भावावरून घासाघीस करतो, पण विचारायचे ते वेगळेच. जुने पोपडे खरवडणार का, भेगा भरणार का, लांबी किती हात, प्रायमर लावणार का? रंगाचे दोन हात हे शेवटचे काम. भाव फार पाडला तर कात्री लागते ती आधीच्या तयारीला, आणि ते त्या दिवशी दिसत नाही.

जुन्या दारा-खिडक्यांच्या ऑइलपेंटबद्दलही सांगायला हवे. घरगुती रंगातले शिसे दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते पुष्कळ असू शकते. असा रंग कोरडा घासू देऊ नका, पाणी लावून घासायला सांगा. लहान मुले आणि गरोदर बायका त्या खोलीपासून लांब असाव्यात.

आता माझी दुसरी चूक. न्हाणीघरालगतच्या भिंतीवर तळहात टेकवून रंगारी म्हणाला, “साहेब, ही ओली आहे. आधी प्लंबर बोलवा. ही भिंत आत्ता नको.”

दिवाळी बारा दिवसांवर, पाहुणे येणार. मी म्हटले, “तुम्ही लावा हो, पुढचे मी बघतो.”

त्याने लावला. महिन्याभरात भिंतीला फुगे आले. त्याचे दोन हजार रुपये द्यायचे राहिले होते. तो मागायला आला तेव्हा मी त्याला भिंत दाखवली आणि पैसे मिळणार नाहीत म्हणून सांगितले. तो काही बोलला नाही, गेला.

ओल ओळखायला सोपी युक्ती आहे. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारी कडांना चिकटपट्टी लावायची आणि एक-दोन दिवस थांबायचे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतली आहे. मी हे केले ते सगळे झाल्यावर. मग प्लंबरने फरशी फोडली; आतली पाइप झिरपत होती.

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याने नोटा न मोजताच खिशात घातल्या आणि विचारले, “पाइप बदलली ना? मग भिंत दोन महिने उघडी राहू द्या. वाळली की मी येतो.”