कापडावरील जकात

परदेशांतून येणाऱ्या मालावर सरकार जो कर बसवितें त्यास आयात जकात म्हणतात. पूर्वीं गांवच्या नाक्यावर गाडीवाल्यांस द्यावी लागे ती जकात निराळी. ही बंदरांत द्यावयाची. शंभर रुपयांच्या मालावर शेंकडा पांच जकात असली, तर व्यापाऱ्यास तो माल एकशें पांचांस पडतो, आणि वरचे पांच रुपये तो अखेरीस गिऱ्हाइकाकडूनच वसूल करितो. सरकारच्या तिजोरींत भर पडते ती अशी. परंतु त्याच पांच रुपयांनीं दुसरेंहि एक कार्य घडतें: तसाच माल देशांत तयार करणाऱ्या कारखानदारास तेवढा आधार मिळतो. जकात बसविणाऱ्याच्या मनांत यांपैकीं कोणतें कार्य आहे, हें जुन्या मुंबई इलाख्यांतील लोकांस कापडाच्या बाबतींत चांगलेंच कळून आलें.

मुंबईस कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापसाची गिरणी स्थापिली. पुढें गिरण्या वाढूं लागल्या, तशी विलायती कापडावरील जकात मँचेस्टरच्या कारखानदारांस खुपूं लागली. त्यांच्या आग्रहामुळें ती प्रथम जाड्या कापडावरून उठली, व १८८२ सालीं तर मीठ, दारू यांसारखे थोडे जिन्नस वगळून बहुतेक सर्वच आयात जकात रद्द झाली.

पण विलायतेस पाठवावयाच्या रकमा पौंडांत द्याव्या लागत, आणि एके काळीं दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९४ पर्यंत सव्वा शिलिंगाच्याहि खालीं घसरला होता. तूट भरून काढण्यासाठीं त्या वर्षाच्या मार्चमध्यें शेंकडा पांचाची जकात पुन्हां आली; कापड मात्र तींतून वगळलें! येथें मोठी ओरड झाली. तेव्हां डिसेंबरांत कापडावरहि जकात बसली, परंतु तिच्या जोडीला देशी गिरण्यांच्या वीस नंबराहून बारीक सुतावर तितकाच कर बसविण्यांत आला.

हा नंबर काय, हें समजून घेतलें पाहिजे. ८४० यार्डांची एक, अशा सुताच्या जितक्या लडी एका पौंड वजनांत बसतील, तितका त्याचा नंबर. अर्थात् नंबर मोठा तितकें सूत बारीक. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडें सूत काढीत व मँचेस्टरचा माल बहुतेक बारीक असे. म्हणून वीस नंबराच्या रेषेंत निदान कांहीं तर्क तरी होता. १८९६ च्या फेब्रुवारींत तोहि राहिला नाहीं. सूत करमुक्त झालें, आणि कापडावर, मग तें विलायती असो कीं देशी गिरणीचें, जाडें असो कीं बारीक, शेंकडा साडेतीन कर ठरला.

वरवर पाहतां यास समता म्हणावें असें वाटेल. परंतु शेतकरी जें जाडेंभरडें धोतर नेसे, त्याच्या तोडीचा माल मँचेस्टर फारसा पाठवीतच नसे. तेव्हां स्पर्धा नसतांहि त्या धोतरावर नवा कर चढला, आणि बारीक विलायती कापड वापरणाऱ्याचा शेंकडा दीड रुपया वांचला. हातमाग तेवढे या करांतून सुटले. पुण्यास टिळकांनीं विलायती कापडावरील बहिष्काराचा पुरस्कार केला तो याच वेळीं.

महायुद्धाच्या खर्चामुळें आयात जकात १९१७ सालीं साडेसात व १९२१ सालीं अकरा टक्के झाली. देशी कापडावरील कर साडेतीनच राहिला, पण उठला नाहीं. १९२५ सालीं धंदा मंदावला, तेव्हां मुंबईच्या गिरणीमालकांनीं मजुरी शेंकडा साडेअकरा रुपयांनीं कमी करण्याचें जाहीर केलें. सुमारें दीड लाख कामगारांनीं संप पुकारला, व तो दोन महिन्यांहून अधिक चालला. डिसेंबरांत सरकारनें तो कर तहकूब केला. मालकांनीं मजुरींतील कपात मागें घेतली, आणि भोंगे पुन्हां वाजूं लागले. पुढच्या वर्षीं कर कायमचा रद्द झाला.