वीसास एक

माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाची नजर दरीकडे असते. त्याच मार्गावर रूळ तपासत रोज पायी फिरणाऱ्या कीमनची नजर रुळाच्या आतल्या कडेवरून हलत नाही. वॉटर पाइप स्टेशनच्या वरच्या अंगाला, सकाळची पहिली गाडी यायच्या आधी, मी अशाच एका कीमनच्या मागोमाग चालत होतो. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात मोठा पाना, पिशवीत लाल आणि हिरवी झेंडी, शिवाय गाडी थांबवायची वेळ आलीच तर रुळावर लावायचे फटाके. गँगमधली पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट आली की मामा तिच्या बोल्टवर हातोडा ठोकत. घट्ट बोल्ट खणकन वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. असा एखादा बद्द आवाज आला की मामा वाकत, पाना लावत, दोन हिसके देत, पुन्हा ठोकून बघत आणि पुढं निघत.

बघणाऱ्याला हे साधं वाटेल. पण कारखान्यांच्या भिंतींवर गुणवत्तेची जी घोषवाक्यं टांगलेली असतात, त्यांचा खरा अर्थ मला या वाटेवर समजला. यंत्र एकदम बिघडत नाही. ते रोज थोडं थोडं आपल्या जागेवरून सरकतं. ते सरकणं वेळेत हेरून परत जागेवर आणणं, हेच विश्वासार्हतेचं सगळं शास्त्र आहे.

या मार्गाला चुकायला फारशी जागाच नाही. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ला काम काढलं आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी सुरू झाली. त्या काळात 16 लाख रुपये खर्च आला. नेरळहून निघालेला सुमारे 21 किलोमीटरचा हा रस्ता हर्दळच्या टेकडीला वळसा घालतो, मग जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत माथेरानच्या बाजारात पोचतो. दोन रुळांमधलं अंतर 610 मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. खाली नेरळला मुंबई–पुण्याच्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांच्यामध्ये 1676 मिलिमीटर असतात. आणि चढ आहे वीसास एक: वीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. कर्जतला पुण्याकडच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, कारण बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे. माथेरानचा चढ त्याच्या जवळजवळ दुप्पट.

हिशोब सोपा आहे. वीसास एकच्या उतारावर उभ्या असलेल्या प्रत्येक टनामागं 50 किलोंचा जोर गाडीला खाली ओढत असतो. हा जोर सुट्टी घेत नाही. गाडी चालली असो वा थांबलेली, ब्रेक धरलेला असो वा नसो, उतार आपलं काम करतच असतो. त्यावर वळणं इतकी की सरळ रूळ असा फार वेळ दिसतच नाही. म्हणून पहिल्या इंजिनांपासूनच इथं वळणाचा विचार आधी केला गेला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या आराखड्यावरून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं बांधलेल्या वाफेच्या इंजिनांना क्लीन–लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते. त्यामुळं टोकाची चाकं वळणाप्रमाणं थोडी तिरपी होऊ शकत. वळण बदलता येत नसेल तर यंत्राला वळायला शिकवा, असा तो विचार.

पुढच्या वळणावर गँग काम करत होती. मुकादमानं गेजची पट्टी दोन्ही रुळांवर आडवी टाकली. तिच्यावर दोन गोष्टी दिसतात: रुळांमधलं अंतर आणि एक रूळ दुसऱ्यापेक्षा किती उंच आहे ते. त्यानं आकडा मोठ्यानं सांगितला, दुसऱ्यानं वहीत लिहिला. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा पट्टी, पुन्हा आकडा. एका ठिकाणी मुकादम थांबला. "मागच्या येळंला किती होता रं?" पोरानं पानं उलटून सांगितलं. अंतर दोन मिलिमीटरनं वाढलं होतं. मर्यादेच्या आतच होतं, पण मुकादमानं तिथं खडूनं खूण केली. मी विचारलं, मर्यादेत असेल तर खूण कशाला? तो म्हणाला, "आज आत हाय. पण निघालंय कुठं, ते बघायला पायजे ना साहेब."

या एका वाक्यात विसाव्या शतकातला एक मोठा शोध आहे. 1924 साली अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्ट नावाच्या शास्त्रज्ञानं टेलिफोनचं साहित्य बनवणाऱ्या कारखान्यासाठी एका पानाचं टिपण लिहिलं. त्यात एक तक्ता होता. त्याचं म्हणणं असं: कुठल्याही मोजमापात थोडा चढउतार असणारच, तो प्रत्येक कामाचा स्वभाव आहे. त्या रोजच्या चढउताराच्या मागं धावू नका. पण आकडे एकाच दिशेनं सरकू लागले, तर ते मर्यादेत असले तरी काहीतरी घडतंय, त्याचं कारण शोधा. त्याच तक्त्यातून पुढं जगभरातलं गुणवत्ता नियंत्रण उभं राहिलं. मुकादमानं शूहार्टचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. पण त्याच्या हातातली वही म्हणजे तोच तक्ता आहे.

वळणावरच हे सरकणं का होतं, तेही तिथंच समजतं. गाडी वळते तेव्हा चाकाची आतली कड, म्हणजे फ्लँज, बाहेरच्या रुळाला घासत जाते. रूळ झिजतो, चाकाची कडही झिजते, स्लीपरला धरून ठेवणारी पकड ढिली होत जाते. हा घासण्याचा जोर वाढला आणि त्याच वेळी त्या चाकावरचं वजन कमी झालं, तर चाक रुळावर चढू लागतं. वजन कमी कशानं होईल? थोड्याशा अंतरात एक रूळ अचानक खाली बसला, तर डबा पिळल्यासारखा होतो आणि एक चाक हलकं पडतं. म्हणजे रुळाची झीज मर्यादेत, चाकाची झीज मर्यादेत, खडीचं बसणंही मर्यादेत, पण तिन्ही एकाच जागी, एकाच क्षणी आली, तर गाडी घसरते. अपघातानंतर लोक एक कारण आणि एक गुन्हेगार शोधतात. घसरणीचं कारण बहुतेक वेळा अशा दोन-तीन निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींच्या जोडीत लपलेलं असतं. म्हणूनच प्रत्येक गोष्ट तिच्या मर्यादेपासून बरीच अलीकडं ठेवायची असते.

खाली नेरळच्या शेडमध्ये ह्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. तिथं डबा खड्ड्यावर उभा केला होता. खाली उतरलेल्या कामगारानं चाकाच्या कडेला पोलादी गेज लावलं आणि बॅटरीचा उजेड पाडून गेज आणि चाक यांच्यामधली फट बघितली. कड पातळ झालीय का, तिला धार आलीय का, चाकाचा चालता भाग मधोमध खोल गेलाय का, हे तीन प्रश्न. बोटानंही तो कड चाचपत होता. डोळा चुकला तर बोट सांगतं, असं त्याचं म्हणणं. वरच्या वळणावरची वही आणि खालच्या शेडमधली वही ही एकाच घर्षणाची दोन खाती आहेत. रूळ सांभाळणारे आणि चाकं सांभाळणारे वेगळ्या खात्यांत असतात. या दोन वह्या शेजारी ठेवून वाचल्या जातात तेव्हाच पूर्ण चित्र दिसतं.

आता ब्रेकची गोष्ट. अनेक दशकं या गाडीला डब्यांवर बसलेले ब्रेक पोर्टर थांबवत. इंजिनचालक शिट्टी देई. शिट्टीच्या खुणेप्रमाणं प्रत्येक जण आपल्या डब्याचा हातब्रेक फिरवून आवळी किंवा सोडी. त्या माणसांचं कसब मोठं होतं. पाऊस, धुकं, इंजिनाचा आवाज यांतून शिट्टी ओळखायची आणि किती आवळायचं ते हातानं ठरवायचं. या पद्धतीचं एक बळ होतं: एकाचा हात चुकला तरी बाकीचे असत. तिची एक कमजोरीही होती. समजा प्रत्येक माणूस शंभरांतल्या नव्व्याण्णव वेळा अचूक वागतो. असे दहा जण असतील तर दहाही जण एकाच वेळी अचूक वागण्याची शक्यता शंभरांत नव्वदच उरते. माणसं वाढली की अचूकपणा वाढतो असं नाही, कधी कधी उलटं होतं. आणि कोणी काहीच केलं नाही, तर गाडी चालतच राहते.

2016 च्या मे महिन्यात या मार्गावर डबे घसरण्याच्या घटना लागोपाठ घडल्या आणि गाडी बंद झाली. त्यानंतर झालेल्या सुधारणांमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. दरीच्या बाजूला संरक्षक कठडे उभे राहिले आणि डब्यांना एअर ब्रेक बसले. 2017 च्या ऑक्टोबरअखेर अमन लॉज ते माथेरान शटल सुरू झाली, पुढं 2018 मध्ये नेरळपासूनची गाडी. एअर ब्रेकचं मोठेपण त्याच्या ताकदीत नाही, त्याच्या रचनेत आहे. ब्रेक मोकळे ठेवायला नळीत हवेचा दाब लागतो. नळी फुटली, डबा तुटला, दाब गेला, तर ब्रेक आपोआप आवळले जातात. म्हणजे बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूनं होतो. चांगल्या रचनेची हीच कसोटी मी मानतो: ती कधीच बिघडत नाही असं नव्हे, बिघडली की माणसाला वाचवणाऱ्या बाजूला पडते.

पण माथेरानच्या रुळाचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी आहे. डोंगराच्या माथ्यावर जांभा आहे, खाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो आणि ते कुठून तरी झऱ्यांनी बाहेर सोडतो. जून ते सप्टेंबर असा पाऊस कोसळतो की रुळाखालची खडी, माती, दगड सगळं जागा सोडू बघतं. 2005 च्या जुलैतल्या अतिवृष्टीनं मार्ग उखडला आणि तो पुन्हा चालू व्हायला शताब्दीचं 2007 साल उजाडावं लागलं. 2019 च्या पावसानं पुन्हा ठिकठिकाणी रुळाखालची जमीन नेली. नेरळहून माथेरानपर्यंत गाडी पुन्हा धावली ती 22 ऑक्टोबर 2022 ला. मधल्या काळात उतार धरून ठेवायला दगडांच्या जाळीदार भिंती बांधाव्या लागल्या.

मामांना विचारलं, सकाळी निघाल्यावर सगळ्यात आधी काय बघता? ते म्हणाले, "रूळ मागाहून. आधी पाणी कुठनं येतंय आन् कुठं जातंय ते." मग त्यांनी एक मोरी दाखवली. रुळाखालून जाणारा छोटा नाला, तोंडाशी पालापाचोळा आणि एक प्लास्टिकची बाटली अडकलेली. त्यांनी हातानं सगळं काढून बाजूला टाकलं. मोरी तुंबली की पाणी रुळाच्या बाजूनं वाट काढतं, भराव भिजतो, भिजलेला भराव बसतो, रूळ खाली जातो. वळणावर मुकादमानं मोजलेल्या आकड्याचं मूळ कदाचित दोनशे पावलं वर एखाद्या पर्यटकानं फेकलेल्या बाटलीत असतं. कारणांची साखळी उलट्या दिशेनं चालत मुळापर्यंत जाणं, याला कारखान्यांत मोठमोठे तक्ते आणि बैठका लागतात. मामा ती साखळी रोज पायी चालतात.

म्हणूनच पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवतात, हा मला या मार्गाचा कमीपणा वाटत नाही. अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते. अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापुढं मोटारींना बंदी असलेल्या या गावाला ती शटल हवीच असते, भाजीच्या टोपलीपासून आजारी माणसापर्यंत. पण खालच्या घाटात परिस्थितीच ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते. विश्वासार्हतेच्या व्याख्येत हे अभिप्रेतच आहे: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, ठरलेलं काम न चुकता होणं. परिस्थिती ती राहिली नाही की थांबणं हाही त्याच कामाचा भाग.

गाडी थांबवण्याचा हक्क सगळ्यात खालच्या माणसाच्या हातात असणं, हा मला पूर्ण व्यवस्थेचा कणा वाटतो. जपानच्या टोयोटा कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून सगळी साखळी थांबवता येते, याचं जगभर कौतुक होतं. आपल्याकडं मामांच्या पिशवीतली लाल झेंडी आणि फटाके तेच सांगतात. धोका दिसला तर साहेबाला फोन लावून परवानगी मागायची नसते, आधी गाडी थांबवायची. हा हक्क कागदावर आहे, तो वागण्यात जिवंत राहायला दोन गोष्टी लागतात. थांबवलेली गाडी उगाच थांबवली असं ठरलं तरी त्या माणसाला कोणी बोलता कामा नये. आणि रोज चालत जाऊन बघणारी ही माणसं कमी होता कामा नयेत. एखादं पद रिकामं राहिलं तर त्या आठवड्यात काहीच घडत नाही, म्हणून ते कापणं सोपं वाटतं. त्याचा हिशोब दोन-तीन पावसाळ्यांनी एकदम पुढं येतो.

दरवर्षी ऑक्टोबर आला की नेरळ, कर्जत, माथेरान सगळीकडं एकच प्रश्न असतो: गाडी कधी सुरू होणार? हॉटेलवाल्यांचा, हमालांचा, पर्यटकांचा हा प्रश्न रास्त आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. पण त्यासोबत आपण आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावली पाहिजे. कोणत्या मोऱ्या साफ झाल्या, कोणत्या वळणांचे आकडे गेल्या वर्षापेक्षा सरकले, रिकामी गाडी किती वेळा चालवून बघितली? रेल्वेनं ही उत्तरं लोकांसमोर ठेवावीत आणि लोकांनी त्यासाठी चार दिवस जास्त थांबायची तयारी दाखवावी. उद्घाटनाच्या तारखेची घाई करणाऱ्या लोकांच्या दबावाखाली कुठलाही मुकादम खडूची खूण निर्धास्तपणे करू शकत नाही. ही गाडी 1907 पासून डोंगर चढत आली आहे ती मुहूर्त गाठून नव्हे, रोजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून बघणाऱ्या माणसांमुळं. त्यांना वेळ देणं हे प्रवाशाच्या हातात आहे, आणि ते त्यानं केलं पाहिजे.